वीसपैकी बारा

खांद्यावर हात पडला तेव्हा रंगनाथच्या हातात झेरॉक्सचा गरम गठ्ठा होता. कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात जुलै महिन्यात उभं राहायला जागा नसते; बारावीचा निकाल लागला की अख्खं नाशिक तिथे येऊन आपापल्या पोरांच्या प्रती काढत बसतं. मागून कोणीतरी म्हणालं, "निकम सर ना? वळखलं का?" त्याने वळून पाहिलं. पांढरा सफारी, कपाळावर देवीच्या गडावरचं ठसठशीत कुंकू, वरच्या खिशात तीन पेनं. "मी खंडेराव पगार, कळवणचा. फेब्रुवारीत आमच्या घरी जेवला नाय का तुम्ही? मांडे!" शेवटचा शब्द तो इतक्या मोठ्यांदा म्हणाला की रांगेतली दोन पोरं वळून हसली. त्याच्या मागे जरा अंतर ठेवून एक उंच मुलगी उभी होती, छातीशी प्लास्टिकची फाईल धरून. तिला ओळखायला रंगनाथला क्षणही लागला नाही. हा चेहरा मधल्या महिन्यांत त्याला अधूनमधून आठवत असे, पण नेहमी प्रयोगशाळेच्या टेबलामागे उभा असलेला. आणि आठवला की रंगनाथला स्वतःबद्दल बरंच वाटत असे. आज पहिल्यांदाच तो चेहरा टेबलाशिवाय, उन्हात, त्याच्याकडे सरळ बघत होता.

"ही आमची गिरणा," खंडेराव म्हणाला. "नदीचं नाव ठेवलं म्हणून गाव हसलं. म्हटलं हसा लेको, नदी कुठं अडते का?" खंडेरावचं कळवणला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि बोलताना तो समोरच्याला थोडं थोडं ढकलत असे, जणू माणूसही धक्क्याशिवाय चालू होत नाही. रंगनाथला तो फेब्रुवारीतही आवडला नव्हता. एखादा माणूस आवडत नसताना त्याचं मीठ खाणं ही भलतीच अवघड गोष्ट. ढकलत ढकलत खंडेरावने त्याला दुकानाबाहेर गुलमोहराखाली आणलं आणि सगळं सांगून टाकलं. पोरीला इंजिनीअरिंगला जायचंय, तेही इलेक्ट्रॉनिक्सला. प्रवेशाच्या फेऱ्या झाल्या, जागा भरल्या, ती तीन मार्कांनी राहिली. आता इथल्याच एका कॉलेजात प्रतीक्षा यादीत तिचं पहिलं नाव लागलं होतं. कोणी जागा सोडली तर उद्या दुपारी कॉलेजातच नाव पुकारणार. संध्याकाळी पाचला प्रवेश बंद. पण उद्याच कळवणला बी.एस्सी.च्या प्रवेशाचाही शेवटचा दिवस होता. इकडे थांबलं आणि जागा सुटली नाही, तर तिकडचीही जाणार. "आमच्या म्हातारीनं, चतुराबाईनं, सांगून ठेवलंय, पोरगी नाशकाच्या पलीकडं धाडायची नाय. आन् घरी बसली की स्थळं येतात, सर. आत्ताच दोन येऊन गेली. म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही या धंद्यातले. जागा सुटतात का असल्या?"

रंगनाथने गठ्ठ्यातला वरचा कागद छातीकडे फिरवला. त्यावर प्रतिभाचं नाव होतं. प्रतिभा, त्याची मुलगी. आणि त्या कॉलेजातली इलेक्ट्रॉनिक्सची एक जागा तिच्या नावावर अडकून पडली होती. तिला गेल्याच आठवड्यात धुळ्याला मेडिकल मिळालं होतं. पेढे वाटून झाले होते, होस्टेलसाठी गादी शिवायला टाकली होती. पण हातातलं सोडायचं नाही, हा नाशकातला सर्वमान्य नियम. पोरीला मुडदा बघून चक्कर आली आणि ती परत आली तर? म्हणून महिनाभर दोन्ही जागा धरून ठेवायच्या. दोन्हीकडे कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला लागतो, तर दुसरा दाखला काढायचा. तो ज्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होता तिथेच प्रतिभा शिकलेली. ऑफिसातल्या माणसाने 'पहिला गहाळ' असं लिहून दुसरा दाखला चहा संपायच्या आत हातात दिला होता. सगळेच असं करतात. दोन महिन्यांनी अशा जागा मोकळ्या होतात, पण तोवर प्रवेश बंद झालेले असतात, आणि मग वर्षभर त्या बाकावर कोणीच बसत नाही. रंगनाथला हे सगळं माहीत होतं. इतकी वर्षं त्याला हे एखाद्या नियमासारखं माहीत होतं. आज त्या नियमाला फाईल धरलेले दोन हात होते.

"प्रॅक्टिकलला तुम्हीच होता ना सर," गिरणा म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. आवाज शांत, थोडा बसका. "मार्कलिस्टवर फिजिक्सचे एकत्रच येतात. थिअरीचे किती, प्रॅक्टिकलचे किती, ते कळत नाही, नाही का?" "नाही," रंगनाथ म्हणाला. "कळत नाही." "माझी थिअरी चांगली गेली होती," ती म्हणाली, आणि फाईलच्या कडेला निघालेला प्लास्टिकचा पापुद्रा नखाने सोलत राहिली.

वीसपैकी बारा. हा आकडा त्याने स्वतःच्या हाताने लिहून पाकीट लाखेने बंद केलं होतं. कळवणला तो परीक्षक म्हणून पहिल्यांदाच गेला होता. बाहेरचा परीक्षक आला की त्याचं जेवण कोणाकडे तरी असतं, त्यात लपवण्यासारखं कोणालाच काही वाटत नाही. तिथल्या देवरे सरांनी ते शाळा समितीवरच्या खंडेरावकडे ठेवलं होतं. रंगनाथ मूळचा नामपूरचा. मांडे त्याने आईनंतर कोणाच्या हातचे मनापासून खाल्ले नव्हते. चतुराबाई उलट्या खापरावर हातभर रुंद मांडा टाकत होती, धुरात तिचे डोळे पाणावले होते, आणि ती सारखी म्हणत होती, "खाय रे भाऊ, लाजू नको." त्याने तिसरा मांडा घेतला. त्या वेळी ज्या मुलीने त्याच्या ताटाजवळ पाण्याचा तांब्या ठेवला तिच्याकडे त्याने नीट पाहिलंही नव्हतं. दुपारच्या बॅचला तीच मुलगी मीटर ब्रिजच्या प्रयोगाच्या टेबलामागे दिसली, आणि तोंडातली पुरणाची गोडी एकदम कडू झाली. म्हणजे हे असं आहे तर. आपल्याला खाऊ घालून बांधलंय. खरं म्हणजे खंडेरावने एका शब्दानेही काही सुचवलं नव्हतं. आपली पोरगी परीक्षेला आहे हेही तो बोलला नव्हता. पण न बोलण्यातच डाव आहे असं रंगनाथला वाटलं, कारण त्याच्या जगात न बोलूनच सगळं होत असे. आणि त्याच क्षणी, अजून तिने एक तारही जोडलेली नसताना, त्याने ठरवून टाकलं की या मुलीला आपण सहज सोडायचं नाही.

मग काटा हलला नाही. गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर चिकटून बसला होता, मेल्या माशीसारखा. ती त्याच्या टेबलापाशी आली. "सर, काटा हलत नाही." तो देवरे सरांनी पाठवलेला चहा पीत होता. "जोडणी तपासा." "तपासली." "परत तपासा. हलेल." कपाटात दुसरं यंत्र होतं. काचेतून दिसत होतं. किल्ली देवरे सरांकडे, आणि ते बाहेर भज्यांचं बघायला गेलेले. हाक मारली असती तर आले असते. त्याने हाक मारली नाही. वेळ संपल्यावर तिचा कागद समोर आला तेव्हा त्यावर रीडिंग होती, एकाखाली एक, अगदी पुस्तकात असावीत तशी, उत्तर दशांशापर्यंत बरोबर. रंगनाथला तेव्हा जे वाटलं तो आनंद होता, दुसरा शब्द नाही. "काटा हलत नव्हता ना?" तो सगळ्या बॅचला ऐकू जाईल असं म्हणाला. "मग ही रीडिंग कुठून आली?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात हलेल." उद्धटपणे नव्हे, नुसतं सांगावं तसं. ते त्याला झोंबलं. देवरे सर कानाशी येऊन कुजबुजले, "सर, अठराच्या खाली इथं कोणी देत नाय. पोरांचं वर्ष असतं." तो म्हणाला, "मी देतो." येताना एसटीत, वणीच्या घाटात वारा तोंडावर येत होता आणि त्याला नुकतीच आंघोळ केल्यासारखं वाटत होतं. कोणाच्या घरी जेवलो तरी मी विकला जात नाही, हे त्याने खिडकीला, डोंगराला, शेजारी झोपलेल्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात सांगितलं. घरी आल्यावर बायकोला आणि मुलीला रंगवून सांगितलं. प्रतिभा हसली होती. त्याच आठवड्यात तिचंही प्रॅक्टिकल झालं. बाहेरून आलेला परीक्षक रंगनाथचा जुना वर्गमित्र होता. रंगनाथने त्याला काहीही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. तिचीही रीडिंग बनवलेली होती, सगळ्यांची असतात, कोणाचा काटा नीट हलतो? तिला वीसपैकी वीस मिळाले. नामपूरच्या बाजारात वडील कांद्याच्या गोणीत तळाला गोल्टी, म्हणजे बारका कांदा, भरत आणि तोंडाशी टपोरा कांदा लावत, तेव्हा कॉलेजात जाणारा रंगनाथ त्यांच्याशी दोन दोन दिवस बोलत नसे. वडील एवढंच म्हणायचे, "शिकेल माणूस गोणी भरत नाय, पण भरेल गोणीचंच खातो बरं का." त्या वेळी त्याला तो अडाणीपणा वाटला होता.

"सर?" खंडेरावने कोपराला धक्का दिला. "सुटंल का जागा?"

आता खरं बोलायला किती शब्द लागले असते? थांबा, एक जागा सुटेल, एवढे पुरे होते. पण मग खंडेरावने विचारलं असतं, तुम्हाला काय ठाव? आणि ती मुलगी नख थांबवून वर बघणार. रंगनाथला त्या बघण्याची भीती वाटली. मुलीची नाही, खंडेरावची नाही, फक्त त्या एका बघण्याची. तो गुरुजींच्या आवाजात म्हणाला, "हे बघा पगार, या दिवसात जागा सहसा कोणी सोडत नाही. लोक धरून बसतात." हे वाक्य संपूर्ण खरं होतं, आणि इतकं खरं वाक्य खोट्यासारखं वापरता येतं हे त्याला बोलता बोलता कळलं. "मग उद्याचा दिवस थांबलो तर?" गिरणाने विचारलं. "कदाचित..." "कदाचितवर बी.एस्सी. घालवू नका," तो म्हणाला. "हातातलं सोडू नये." खंडेरावने मोठा श्वास सोडला. त्याला वाईट वाटलं होतं, पण निकाल लागल्यावर वाटतं तसं सुटल्यासारखंही वाटलं. "झालं. तुमचा शब्द म्हणजे झालं. चल बाई, तीनची गाडी गाठू." जाताना त्याने दुकानाचं कार्ड रंगनाथच्या खिशात कोंबलं. "कवा बी या. म्हातारी तुमचं नाव काढते. म्हणते, भाऊ लय मनानं जेवला." मुलीने वाकून नमस्कार तेवढा केला, आणि सीबीएस स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षात बापाच्या आधी जाऊन बसली.

त्याला वाटलं होतं, ते गेले की बरं वाटेल. स्कूटर गंगापूर रोडला लागली तरी वाटलं नाही. रात्री जेवताना त्याने भाताशी खेळत म्हटलं, "इंजिनीअरिंगची जागा सोडून देऊ." बायको, विमल, वाढता वाढता थांबली. "का? कोणी काही म्हणालं?" "कोणी नाही. कशाला उगाच अडवून ठेवायची." "उगाच? पोरगी पहिल्या आठवड्यात रडत आली तर तिला कुठे बसवणार, तुमच्या प्रयोगशाळेत?" प्रतिभा त्याच्याकडे बघत होती. "बाबा, मला खरंच भीती वाटते हो," ती म्हणाली. "रक्ताची नाही. तिथं मी कोणीच नसेन याची. ती जागा आहे म्हणून मी धुळ्याला जाऊ शकते." तिच्या आवाजात त्याने इतकी वर्षं न ऐकलेलं काहीतरी होतं, आणि त्याला कळलं की ही जागा म्हणजे आपल्या मुलीच्या पायाखालची एक पायरी आहे, आणि तिच्यावरच दुसऱ्या कोणाचा तरी पाय अडलाय. एका पोरीचं भरून द्यायचं तर ते दुसरीच्या खिशातून. आपल्या खिशात देण्यासारखं आहेच काय? "तुम्हीच तर दुसरा दाखला आणलात," प्रतिभा म्हणाली. त्याने मान खाली घातली. कळवणची गोष्ट तिला ठाऊक होती. ती मुलगी आज भेटली, एवढंच सांगायचं बाकी होतं. तेवढं सांगितलं असतं तर प्रतिभाने स्वतःहून जागा सोडायच्या अर्जावर सही केली असती, त्याला खात्री होती. पण त्या गोष्टीत तो नायक होता. मुलीच्या डोळ्यातला तो नायक त्याला अजून हवा होता.

सकाळी त्याने वर्ग घेतला. फळ्यावर मीटर ब्रिजची आकृती काढायची वेळ आली तेव्हा खडू तुटला आणि पोरं हसली. स्टाफरूममध्ये टेलिफोन रिकामा होता. खिशात कार्ड होतं, कार्डावर कळवणचा नंबर. त्याने रिसीव्हर उचलला, डायलटोन बराच वेळ ऐकला आणि ठेवून दिला. काय म्हणणार होता? लगेच निघा, दुपारपर्यंत पोचा, जागा सुटतेय. कोणाची? माझ्या मुलीची. मग काल का नाही बोललात? त्या पुढच्या प्रश्नापाशी त्याचं मन दर वेळी आडमुठ्या बैलासारखं थांबत होतं. मग त्याने स्वतःची समजूत घातली की ती गेलीच नसेल. ती मुलगी हट्टी आहे, काटा न हलता रीडिंग लिहिणारी आहे, तिने बापाला नाशकात थांबवून ठेवलं असेल. ती तिथे हॉलमध्ये उभी असेल, तिचं नाव पुकारलं जाईल, जागा मिळेल, आणि कोणी दिली हे तिला कधीच कळणार नाही. हे चित्र त्याला फार आवडलं. त्यात तो एका खांबाआड उभा होता आणि त्याच्यावर कोणाचीच नजर नव्हती. दुपारी घरी जाऊन त्याने प्रतिभासमोर अर्ज ठेवला. "सही कर." "कारण सांगा." "कारण नाही. बाप सांगतो म्हणून कर." असं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. प्रतिभाने सही केली, पेन टेबलावर टाकलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. विमल ओट्यापाशी पाठमोरीच उभी राहिली.

कॉलेजच्या हॉलमध्ये गर्दी होती आणि गर्दीत आवाज नव्हता. आईबाप भिंतीला टेकून, पोरं फायली मांडीवर घेऊन, सगळ्यांची नजर समोरच्या टेबलावर. रंगनाथने आत शिरताच सगळे चेहरे चाळले. उंच मुली दोनतीन होत्या. त्यातली एक पाठमोरी होती, तीच ती, असं वाटून तो दोन पावलं पुढे सरकला. ती वळली, तिला चष्मा होता. त्याने अर्ज पुढे केला. टेबलामागच्या साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा सर, आज कोणी सोडेल असं वाटलं नव्हतं. लोक धरून बसतात." त्यांनी कागद बघितले, शिक्का मारला, दाखला परत केला. तो दाखला त्याने घडी न घालताच खिशात कोंबला. साहेब उठून उभे राहिले. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्या, आणि मग अगदी शांत झालं.

"इलेक्ट्रॉनिक्स, एक जागा. प्रतीक्षा यादी क्रमांक एक. पगार गिरणा खंडेराव."

कोणी उठलं नाही. पंखा फिरत होता. रंगनाथ दाराकडे बघत राहिला. दारात एक बाई पाण्याची बाटली घेऊन उभी होती, बाकी कोणी नाही. "पगार गिरणा खंडेराव," साहेबांनी दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने पुकारलं. मागे कोणीतरी कुजबुजलं, "नाय वाटतं आली." साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हॉलभर नजर फिरवली. "कळवणची आहे. कोणाला काही माहिती? येत असतील तर सांगा, पाचपर्यंत थांबायची माझी तयारी आहे." आत्ता या क्षणी ती कळवणच्या कॉलेजात रांगेत उभी असेल, हे त्या हॉलमध्ये एकट्या त्याला माहीत होतं. सकाळी फोन केला असता तर ती आत्ता इथे असती. आता फोन केला तरी घाट उतरून पाचच्या आत येणं शक्य नव्हतं. आणि तरीही, शक्य नाही हे इतक्या लवकर पटल्याने त्याला जो सुटकेचा श्वास आला, त्याची त्याला किळस आली.

"त्या कालच परत गेल्या," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता.

"परत गेल्या? पहिलं नाव असून?" साहेबांनी हळहळून मान हलवली. "एक दिवस धीर धरवला नाही लोकांना. कमाल आहे, सर."

हॉलमधले सगळे त्याच्याकडे बघत होते. तोंड उघडलं की खरं बाहेर पडेल असं त्याला वाटलं, इतकं ते जवळ आलं होतं. त्याने तोंड उघडलं.

"हो ना," रंगनाथ म्हणाला. "धीर नाही लोकांना."

साहेबांनी तिसऱ्यांदा तिचं नाव पुकारलं, नियम म्हणून, आणि लगेच त्याच्या खालचं.